उत्सवाची वर्दी : जांबावली-मडगांव परिसरातील ग्रामवार्तेचा मागोवा

देवस्थानांचे इतिहास लिहिताना सनदा, दानपत्रे, जीर्णोद्धाराच्या तिथी आणि मूर्तींची वर्णने यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. परंतु पालखी कोणत्या दिवशी निघणार, पावणी केव्हा होणार, महाजनांची सभा कोठे भरणार, ही वर्दी कोणी, कोणास आणि कोणत्या भाषेत दिली, याचा शोध क्वचितच घेतला गेला आहे. अशी वर्दी उत्सव संपताच निरुपयोगी ठरते आणि तिचा कागद रद्दीत जातो. वस्तुतः गोमंतकातील अनेक देवस्थानांच्या बाबतीत देव आणि महाजन यांना जोडून ठेवणारा धागा हाच होता. देव एका गावी आणि त्याचे महाजन दुसऱ्या गावी, अशी स्थिती चार शतकांहून अधिक काळ राहिली असता, हा धागा तुटला असता तर पुढे काय उरले असते याची कल्पना करवत नाही.

मडगांवचे ग्रामदैवत श्री दामोदर हे याचे ठळक उदाहरण होय. साष्टी प्रांत इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि पुढील पंचवीस वर्षांच्या आतच तेथील देवळांवर गंडांतर आले. इ. स. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांचा जो विध्वंस झाला, त्याच्या आगेमागेच्या धामधुमीत मठग्रामचा दामोदर कुशावतीच्या काठी, रिवणनजीक जांबावलीस नेण्यात आला. हा मुलूख त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. देव गेला, तरी महाजन, व्यापारी आणि कुळे बहुतांशी मडगांव व आसपासच्या परिसरात राहिली. मडगांवपासून जांबावलीचे अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे. आज ते तासाभराचेही नाही. परंतु मधे सत्तेची सीमा असताना, वाट रानातून जात असताना आणि पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहत असताना या अंतराचा अर्थ वेगळा होता.

त्या काळी आगामी उत्सवाची वर्दी मुख्यतः पंचांगच देत असे. गुढीपाडव्याच्या दिवशी देवळात किंवा जोशांच्या ओसरीवर संवत्सरफल वाचले जाई. पर्जन्य किती, धान्य किती, ग्रहणे कोणती, याबरोबरच वर्षातील सण-उत्सवांचा आराखडाही श्रोत्यांच्या मनात पक्का होई. तिथी एकदा ठरली की तिला बोलावणे लागत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. राज्य कोणाचेही असो, फाल्गुन येतच असे. जांबावलीचा शिशिरोत्सव आणि त्यातील गुलाल यांना मडगांवकरांची पावले न चुकता वळत राहिली, याचे अर्धे श्रेय तिथीच्या या निमूट शिस्तीला द्यावे लागेल.

तिथीपलीकडची वार्ता मात्र माणसांच्या तोंडूनच फिरे. देवळातील चौघडा गावाला वेळ सांगे. अवेळी वाजलेल्या ढोलाने काही अघटित घडल्याचे कळे. वाड्यावाड्यांतून डांगोरा पिटला जाई. हे काम करणारे कोण होते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ढोल-शिंग वाजवणारे, दवंडी देणारे, दिवट्या धरणारे आणि देवापुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या भाविणी व कलावंतिणी हे सारे देवस्थानचे सेवेकरी. उत्सवाची वर्दी त्यांच्या कंठातून आणि हातांतून सर्वदूर पोहोचली, पण ज्या सभेत उत्सवाचा निर्णय होई तेथे त्यांना आसन नव्हते. कित्येकांना तर स्वतः पुकारलेल्या उत्सवात देवळाच्या पायरीपुढे जाता येत नसे. राजाराम पैंगीणकर यांनी ‘मी कोण?’ (१९६९) या आत्मचरित्रात देवळाच्या आश्रयाने जगणाऱ्या समाजाचे जे चित्र उभे केले आहे, ते महाजन घराण्यांतील प्रत्येकाने वाचावे असे आहे. ते वाचताना मन सुखावत नाही. पण देवस्थानचा इतिहास पुरा करावयाचा तर ही बाजू गाळून चालणार नाही.

निर्णय जाहीर करण्याची गावाची स्वतःची एक जुनी रीतही होती. गावकारांची सभा भरे, सर्वांचे एकमत झाले म्हणजे ‘नेम’ होई आणि तो कुळकर्णी लिहून घेई. तिसवाडी बेटांतील गावांच्या या चालीरीती आफोंसो मेशिया याने इ. स. १५२६ च्या फोरालमध्ये नमूद करून ठेवल्या. सभेत कोणाचा मान पहिला, विडा प्रथम कोणाला, पेरणी-कापणीस आरंभ कोणी करावयाचा, यांविषयीचे त्यातील बारकावे पाहिले म्हणजे गावाच्या दृष्टीने बातमी आणि मानपान या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या हे ध्यानात येते. कोणाला आधी सांगितले आणि कोणाला मागाहून, यावरून उठलेले तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. याची उदाहरणे शोधण्यास महाजन मंडळींना दूर जावे लागणार नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादी पोर्तुगीज अंमलाखाली आल्या आणि जांबावली व मडगांव पुन्हा एकाच सत्तेखाली आली. केपें या छोट्या गावाला बाजारपेठेचे रूप येऊ लागले ते याच सुमारास. पाद्री जुझे पाउलु द आल्मैद या दियांवाने कुशावतीच्या काठी इ. स. १७८७ मध्ये आपला वाडा बांधला आणि त्याभोवती गाव वाढले. नव्या काबिजादींतील देवळांना अभय मिळाले होते. तथापि त्यांच्या कारभारावर सरकारचा हात हळूहळू पडू लागला आणि त्याबरोबर वर्दीची भाषा बदलली. इ. स. १८३७ पासून सरकारी बोलेतीं निघू लागले. देवस्थानांसाठी १८८६ मध्ये माझानींचा कायदा झाला आणि १९३३ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. देवस्थानांचा कारभार पुढेही त्याच चौकटीत चालत राहिला. महाजनांची नोंद कातालोगात, देवस्थानचे नियम कोंप्रोमिसात आणि हे सारे पोर्तुगीज भाषेत! ज्या देवाची आरती मराठीत होई, त्याच्या कारभाराविषयीची सरकारी सूचना मात्र वाचून घेण्यासाठी कोणा पोर्तुगीज जाणणाऱ्याचे दार ठोठवावे लागे. ज्याला ती भाषा येई त्याच्या हाती आपोआपच सत्ता आली. सभेची वर्दी कायदेशीररीत्या दिली गेली, पण कळली मात्र चौघांनाच, अशी तक्रार त्या व्यवस्थेतून न उद्भवती तरच नवल. मात्र कायद्याने एक गोष्ट निश्चित केली. पूर्वी जी सूचना हवेत विरत असे ती आता कागदावर उतरली.

इ. स. १८८८ मध्ये मुरगांव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला. मडगांव, चांदर, सावर्डे ही स्थानके त्याच मार्गावरची. महाजन आधीच मुंबई, बेळगांव, कारवार, हुबळी अशा ठिकाणी पांगले होते. त्यांना आता उत्सवासाठी येणे शक्य झाले आणि त्यामुळे त्यांना आगाऊ कळवणेही आवश्यक झाले. वार्तेने दैवतही कसे दूरवर नेले, हे वास्कोच्या सप्ताहावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे साथ पसरली असता जांबावलीच्या दामोदराचे श्रीफळ प्रसादरूपाने नेण्यात आले आणि त्यातून श्रावणातील अखंड भजनाचा सप्ताह सुरू झाला. जांबावलीस कधीही न गेलेल्या हजारो माणसांच्या तोंडी दामबाबाचे नाव त्या सप्ताहाने घातले.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ गोमंतकात एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात झाला होता. ‘देशसुधारणेच्छु’ हे त्या काळचे नाव. पण ग्रामीण भागाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना १९१२ ची होय. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक झाले, धर्माच्या आधारावरील भेद कायद्यातून गेले आणि हिंदू समाजाला प्रथमच मोकळा श्वास घेता आला. त्याच लाटेवर गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी केपें येथून ‘भारत’ हे पत्र सुरू केले. पणजी नव्हे, मडगांव नव्हे, तर केपें! ज्या ठिकाणी सरकारी कचेरी, बाजार आणि भोवती रान यांपलीकडे फारसे काही नव्हते, तेथून मराठी व पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत सरकारला जाब विचारणारे पत्र निघावे, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. हेगडे देसाई यांना सरकारी रोषाला वारंवार तोंड द्यावे लागले. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. बोलेतींत गावाला आज्ञा ऐकू येत असे. ‘भारत’सारख्या पत्राने गावालाही काही बोलावयाचे असते हे दाखवून दिले.

हा मोकळेपणा टिकला नाही. १९२६ नंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली आणि सालाझारशाहीत छापील अक्षरावर पूर्वतपासणीचा पहारा बसला. लग्नपत्रिकादेखील तपासून घ्यावी लागे, हे त्या पिढीतील लोक पुढे कितीतरी वर्षे सांगत असत. मग जत्रापत्रिका त्यातून कशी सुटणार? उत्सवातील मराठी नाटक हे तर अधिकाऱ्यांच्या दृष्टीने संशयाचेच स्थान. जांबावलीच्या शिशिरोत्सवात मडगांवच्या मंडळींनी नाटके करण्याची परंपरा मोठी आहे. ऐतिहासिक नाटकातील एखाद्या पल्लेदार वाक्यावर प्रेक्षकांत उठणारी टाळी कोणासाठी आहे, हे नटाला, प्रेक्षकाला आणि पहाऱ्यावरच्या शिपायालाही समजत असे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगांवात सभाबंदी मोडली, तेव्हा गोव्यातील सामान्य माणसाला चार माणसे जमवण्याची किंवा चार ओळी छापण्याची मुभा नाही, हाच मुख्य सवाल होता.

गोवामुक्तीनंतर सारे झपाट्याने बदलले. २४ मार्च १९६२ रोजी दैनिक ‘गोमंतक’ सुरू झाले, १९७० साली ‘नवप्रभा’ आले. गावोगावी मराठी शाळा निघाल्या आणि तेथील मास्तर हेच बहुधा वृत्तपत्रांचे वार्ताहर बनले. जत्रा, भजनी सप्ताह, वाचनालयाचा वर्धापनदिन, नाटकाची तालीम, बसगाडी सुरू करण्याची मागणी अशा चार-पाच ओळींच्या बातम्या या मास्तरांनी निष्ठेने पाठवल्या. इतिहासकार त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण गाव खऱ्या अर्थाने त्यांतच सापडते.

जत्रापत्रिकेचेही तसेच आहे. माथ्यावर ‘श्री प्रसन्न’, खाली शक, तिथी, वार आणि इंग्रजी तारीख, मग अभिषेक, लघुरुद्र, समाराधना, पालखी, कीर्तन, असा तिचा घाट ठरलेला. परंतु अशा पंचवीस-तीस वर्षांच्या पत्रिका ओळीने लावून पाहाव्यात. यजमानांची नावे बदलतात, घराण्यांचे पत्ते बदलतात, दशावतारी काल्याच्या जोडीला संगीत नाटक येते, विद्युत रोषणाई येते, पुढे वाहनांची व्यवस्था येते. नाटक ‘रात्रौ ठीक १० वाजता’ सुरू होईल हे वाक्य तेवढे कधी बदलत नाही आणि कधी खरेही होत नाही. पत्रिकेत जे छापलेले नसते तेही बोलते. वाजंत्र्याचे नाव कोणत्या वर्षापासून येऊ लागले, गायिकेच्या नावामागे ‘श्रीमती’ केव्हा लागले, हे तपासणाऱ्याला पुष्कळ काही सापडेल. ज्या घरांतून पोथ्यांच्या बासनात किंवा जुन्या पेटाऱ्यात अशा पत्रिका राहून गेल्या आहेत, त्यांनी त्या वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. वर्दी आता मोबाइलवरून क्षणात मुंबईला आणि आखातातही पोहोचते हे खरे. पण ती तितक्याच लवकर पुसलीही जाते.

याच मुलखातील कुर्डी गावाचा वृत्तांत या संदर्भात नोंदवण्यासारखा आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. साळावली धरणामुळे गाव पाण्याखाली जाणार, ही गावाच्या इतिहासातील सर्वांत मोठी बातमी तेथे छापील कागदाने आली नाही. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः गावात जाऊन ग्रामस्थांना ती सांगितली आणि साऱ्या दक्षिण गोव्याला या पाण्याचा लाभ होईल असे समजावले. माणसे उठली, घरे मोडली. प्राचीन महादेव मंदिराचे दगड क्रमांक घालून उतरवून दुसरीकडे उभारण्यात आले आणि १९८६ च्या सुमारास गाव बुडाले. साडेचार शतकांपूर्वी साष्टीने अनुभवलेले देवाचे स्थलांतर या भागाने पुन्हा पाहिले. या वेळी कारण धर्मच्छल नव्हते, एवढाच फरक. दर वर्षी उन्हाळा चढला की धरणाचे पाणी ओसरते आणि कुर्डीची जमीन, घरांची जोती, वठलेल्या झाडांची खोडे पुन्हा वर येतात. मग मे महिन्यात विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या स्थानी उत्सवाला जमतात. ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलाच्या फेस्ताला येतात. तेथे डांगोरा पिटण्यास वाडा उरलेला नाही आणि सूचना डकवण्यास भिंत नाही. पाणी उतरल्याचे एकाने दुसऱ्याला कळवावयाचे आणि पावसाच्या आत उत्सव उरकून घ्यावयाचा, असा तेथील क्रम आहे.