जुन्या लेथचा सुटा भाग



बैलगाडीच्या चाकाचा आरा मोडला तर आपण सुताराकडे जातो. तो चाक निरखतो, बाभळीचा तुकडा घेतो, तासतो आणि ठोकून बसवतो. गाडी कोणी केली, कोणत्या साली केली, हे त्याला विचारावे लागत नाही. तो आरा त्या एका चाकापुरता. शेजाऱ्याच्या गाडीला तो बसायचा नाही, आणि बसावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

यंत्राचे मात्र तसे नाही. यंत्राचा भाग मोडला की आपण दुकानात जातो आणि 'याला बसणारा द्या' म्हणतो. एका गावी केलेली वस्तू हजारो कोसांवरच्या यंत्राला बसावी, हे आपण धरूनच चालतो. ही गोष्ट माणसाने कशी साधली, आणि पुरती का साधली नाही, ते आज पाहू.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त चित्रकला-शिक्षक आहेत. छंद म्हणून त्यांनी एक जुना लहान लेथ घेतला. लेथ म्हणजे आपल्या काताऱ्याच्या यंत्राचाच थोरला भाऊ. कातारी लाकूड फिरवून पाळण्याच्या दांड्या कातून काढतो. लेथ लोखंड आणि पितळ कातते. गुरुजींचा लेथ 'मायफर्ड' कंपनीचा, 'एम. एल. ७' जातीचा. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ बीस्टन म्हणून गाव आहे, तिथला. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही जात निघाली आणि हौशी कारागिरांत फार लोकप्रिय झाली.

या लेथच्या एका दातेरी चाकाचे दोन दाते मोडले. दाते होते ४०. गुरुजींनी बाजारातून ४० दात्यांचेच चाक आणले, भोक टर्नरकडून मापाला आणले आणि बसवले. लेथ सुरू केला तर खडखडाट! गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले. तुम्हाला यातलं काय कळणार?" मी म्हटलं, "गुरुजी, ही भानगड इतिहासाचीच आहे."

आणि ती तशीच होती. कशी ते ऐका.

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी नट आणि बोल्ट यांची जोडी नवरा-बायकोसारखी असे. आटे बहुधा हाताने पाडलेले, त्यामुळे ज्याचा नट त्यालाच बसायचा. यंत्र खोलताना जोड्यांना खुणा करून ठेवाव्या लागत. जोड्या मिसळल्या की घोटाळा झालाच म्हणून समजा. लंडनचा हेन्री मॉडस्ले हा कुलपाच्या कारखान्यातून वर आलेला कारागीर. त्याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा लेथ चांगला कामाचा करून दाखवला. तसे प्रयत्न पूर्वीही झाले होते. पण याचा लेथ भक्कम आणि अचूक होता. त्यात एक लांब स्क्रू हत्याराला ठरल्या गतीने सरकवतो, आणि दातेरी चाके बदलली की आटे जाड किंवा बारीक पडतात. गुरुजींचे मोडलेले चाक याच कामाचे.

आता प्रत्येक कारखाना आपल्यापुरते सारखे आटे पाडू लागला. पण दोन कारखान्यांचे आटे जुळत नव्हते. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने हे दुखणे ओळखले. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, मापे घेतली, सरासरी काढली, आणि १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. आट्यांचा कोन ५५ अंश असावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुक आटे असावेत, असे त्याने सुचवले. इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि पुढे सारा देश त्या मापाने चालू लागला. इंग्रजांचा अंमल असल्यामुळे रेल्वे आणि गिरण्यांबरोबर हे आटे आपल्याकडेही आले.

मग सारे जग एक झाले का? नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचे आटे सुचवले. व्हिटवर्थच्या आट्यांची गोल शेंडी पाडायला त्रासाची; सेलर्सची शेंडी सपाट, म्हणून साध्या कारखान्यातही होण्यासारखी. युरोपातल्या मेट्रिक देशांनी १८९८ साली झुरिकला जमून मिलिमीटरचे आटे ठरवले. एकाच्या जागी तीन घराणी झाली! आपला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थचा असेल तर इंचात १२ आटे, अमेरिकन असेल तर १३. नट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. त्यावर पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे गेले.

तुम्ही म्हणाल, एका आट्याने काय बिघडते? फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. मदतीला वॉशिंग्टनसारख्या शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पाणी होते, माणसे होती, बंब होते. पण बाहेरून आलेल्या नळ्यांची तोंडे तिथल्या नळखांबांना बसेनात. १५०० हून अधिक इमारती जळाल्या. नळ्या बसल्या असत्या तर सगळे वाचले असते असे नाही. पण माप न जुळण्याची किंमत त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या महायुद्धातही तेच झाले. इंग्रज आणि अमेरिकन एका बाजूने लढत होते, पण त्यांचे नट-बोल्ट एकमेकांचे नव्हते. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका समाईक आट्यावर सही केली. १९५९ साली इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हेही ठरले. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. तरी वेल्डिंगच्या दुकानात 'तीन सुती सळई द्या' असेच आपण म्हणतो. कायदा बदलतो, जीभ आणि जुने यंत्र सावकाश बदलतात.

आता गुरुजींच्या चाकाकडे येऊ. त्यांच्या लेथची चाके इंचाच्या हिशेबातली, म्हणजे '२० डी. पी.'ची. दोन चाकांचे दाते जिथे भिडतात तिथून एक वर्तुळ कल्पिले, तर त्याच्या व्यासाच्या दर इंचामागे २० दाते. ४० दात्यांना व्यास झाला २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. बाजारातले चाक मेट्रिक होते, सव्वा 'मॉड्यूल'चे. त्याचा व्यास ५० मिलिमीटर. फरक पाऊण मिलिमीटरच्या आसपास! डोळ्याला दिसत नाही, पण दात्यांना कळतो.

तेव्हा जुन्या लेथचा भाग शोधताना नुसते नाव घेऊन जाऊ नका, माप घेऊन जा. चाकाचे दाते मोजा. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दात्यांच्या संख्येत २ मिळवून त्याने भागा. १.२७ आले तर २० डी. पी., १.२५ आले तर मेट्रिक. चक बसवायचा असेल तर स्पिंडलच्या नाकाची जाडी आणि इंचातले आटे मोजा. एम. एल. ७ ला सव्वा इंच नव्हे, एक इंच आणि एक सूत जाडी, १२ आटे. आट्यांमागचा गुळगुळीत खांदाही मोजा, कारण चक मध्यावर येतो तो त्या खांद्यामुळे. आणि नट अडला तर जोर करू नका. चक पुन्हा मिळेल. स्पिंडल बिघडले तर लेथ गेला.

नाव कसे फसवते तेही पाहा. अमेरिकेतल्या साउथ बेंडचा ९ इंची लेथ आणि अ‍ॅटलास कंपनीचा १० इंची लेथ या दोन वेगळ्या घरच्या लेकी. पण दोघींच्या नाकाचे आटे एकच, दीड इंच जाडी आणि इंचात ८. दातेरी चाके मात्र पहिलीची १८ डी. पी.ची आणि दुसरीची १६ ची. चकाचे आटे जुळतील, चाक जुळणार नाही. उलट अ‍ॅटलासनेच केलेले लेथ सिअर्सच्या दुकानांतून 'क्राफ्ट्समन' नावाने विकले जात. तिथे नाव निराळे, घर एकच.

गुरुजींना शेवटी २० डी. पी.चे चाक मिळाले आणि खडखड थांबली. बीस्टनचा कारखाना २०११ साली बंद पडला. नाव आणि माल दुसऱ्या कंपनीने घेतला. पण समजा, कोणीच घेतला नसता, तरी ते चाक करता आले असते. कारण त्याचे माप उघडे आहे, कोणाच्या तिजोरीत नाही. व्हिटवर्थने नुसता चांगला बोल्ट केला असता तर तो त्याच्याबरोबर गेला असता. त्याने माप सगळ्यांपुढे ठेवले, म्हणून ते उरले.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गात चार जुने बोल्ट, एक पट्टी आणि एक भिंग घेऊन जा. मुलांना इंचातले आटे मोजू द्या. कुठे १२ येतील, कुठे १३. का, असे एखादे मूल विचारीलच. त्या दिवशीचा इतिहासाचा तास तिथूनच सुरू करावा.