लोकरीच्या विणकामाच्या सुया

हाताने विणताना लोकरीचे टाके घालण्यासाठी आणि ते न सुटता पेलून धरण्यासाठी वापरायच्या निमुळत्या टोकाच्या लांब सुया. शिवणाच्या सुईला असते तसे नेढे यांना नसते. धागा सुईत ओवत नाहीत, तिच्याभोवती फिरवतात. टाक्याचा आकार दांड्याच्या घेरावर ठरत असल्याने सुईची जाडी हा तिचा सर्वांत महत्त्वाचा गुण होय.

जाडीच्या आकड्यांचा गोंधळ मात्र मोठा आहे. भारतात बोलीत रुळलेले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असून ते तारेच्या मापांशी जुळतात. तार साच्याच्या भोकांतून पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी ती बारीक आणि तितका तिचा नंबर मोठा. म्हणून १४ नंबरची सुई २ मि.मी. जाडीची, १० नंबरची ३.२५, ८ नंबरची ४, तर शून्य नंबरची ८ मि.मी. अमेरिकी नंबर याच्या उलट चढतात. तिकडे ८ नंबर म्हणजे ५ मि.मी. आणि १० नंबर म्हणजे ६ मि.मी. फक्त ४.५ मि.मी.ची सुई दोन्हीकडे ७ नंबरची आहे. अमेरिकी पुस्तकातला १० नंबर वाचून इथली १० नंबरची सुई घेतली, तर जाडी जवळजवळ निम्म्यावर येते आणि वीण पुठ्ठ्यासारखी ताठ होते. त्यामुळे नंबर विसरून मि.मी. पाहावेत, हेच बरे. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल, तर भोके पाडलेल्या मापपट्टीत ती घालून पाहतात. ज्या भोकातून दांडा अलगद पण न डुगडुगता जातो, ते तिचे माप.

सुई योग्य आहे की नाही, याचा निर्णय तरीही हातच देतो. कोणी धागा ओढून विणते, कोणी सैल सोडते. लोकरीच्या वेष्टनावर ४ मि.मी.च्या सुईने १० सें.मी.मध्ये २२ टाके असे लिहिले असेल, तर ९० सें.मी. घेरासाठी १९८ टाके लागतील. पण विणणारीच्या हाताने तेवढ्याच जागेत २० टाके बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सें.मी. होतो आणि स्वेटर अंगावर लोंबतो. म्हणून आधी साधारण १५ सें.मी.चा चौकोनी नमुना विणावा, धुऊन सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधले टाके मोजावेत. टाके कमी भरले तर बारीक सुई घ्यावी, जास्त भरले तर जाड. हा नमुना टाळण्याची सवय सर्रास दिसते. त्यात वाचणारी एक संध्याकाळ पुढे अख्खा स्वेटर उसवण्यात जाते.

एका कपड्याला बहुधा दोन जाडीच्या सुया लागतात. स्वेटरचा काठ अंगाला धरून राहावा म्हणून तो बारीक सुईवर, उदाहरणार्थ १२ नंबरवर, आणि अंग १० नंबरवर विणतात. बाळंतविड्यातल्या टोपड्या-मोज्यांसाठी मऊ, बारीक लोकर आणि बारीक सुई बरी. जाळीदार विणीत तान्ह्या बाळाची बोटे अडकतात.

घडणीनुसार सुयांचे तीन मुख्य प्रकार पडतात. एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला टाके अडवणारी गोळी असलेल्या सरळ सुयांची जोडी सर्वांच्या परिचयाची. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या सुया चार किंवा पाचच्या संचात येतात. त्यांवर मोजे, हातमोजे, टोपी गोलाकार, बिनशिवणीची विणता येते. हे तंत्र जुने आहे. इ.स. १४०० च्या सुमारास मास्टर बर्ट्रामच्या चित्रशाळेत तयार झालेल्या जर्मनीतील बुक्स्टेहुडे वेदीचित्रात मेरी अशाच सुयांवर कपडा विणताना दिसते. शेटलंड बेटांवरच्या बायका कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके असलेला चामडी पट्टा बांधत आणि सुईचे मागचे टोक त्यात खोचत. सुईचा भार पट्ट्यावर गेल्याने हात मोकळा राही आणि चालता चालताही विणकाम होई.

तिसरी गोल सुई: दोन आखूड टोके आणि त्यांना जोडणारी लवचीक दोरी. तिची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजतात. गोलाकार विणताना ती कपड्याच्या घेरापेक्षा थोडी कमीच हवी, नाहीतर टाके ताणले जातात. तिच्यावर सपाट पट्टीही विणता येते आणि शाल किंवा चादरीचे वजन मनगटाऐवजी मांडीवर येते. मनगट किंवा खांदा दुखणाऱ्यांनी सरळ सुयांचा आग्रह सोडावा.

साहित्यात ॲल्युमिनियम, पोलाद, बांबू, लाकूड आणि प्लास्टिक प्रचलित आहेत. पूर्वी हाडाच्या आणि हस्तिदंताच्याही सुया असत. धातूवर टाके भरभर सरकतात, बांबूवर ते अडून राहतात. म्हणून गुळगुळीत धाग्याला बांबू आणि चिकटून चालणाऱ्या ॲक्रिलिकला धातू अशी जोडी जमते. घामट हातांना मात्र बांबू सुखाचा. सारख्याच जाडीची सुई दुसऱ्या साहित्याची घेतली तरी हाताचा ताण बदलू शकतो, तेव्हा काम अर्धे झाल्यावर सुई बदलू नये. टोकाचेही तसेच: जाळीकामाला अणकुचीदार टोक लागते, सैल पिळाची लोकर त्याने फाटते, तिला बोथट टोक द्यावे. विकत घेताना दांड्यावरून नख फिरवावे. खरखर लागली किंवा गोल सुईच्या दोरीच्या सांध्यावर नख अडले, तर टाकेही तिथेच अडणार.

शिकणारीने ८ नंबरची, म्हणजे ४ मि.मी.ची, बांबूची जोडी आणि फिक्या रंगाची मध्यम जाड लोकर घ्यावी. फिक्या रंगात सुलट-उलट टाके वेगळे दिसतात आणि बांबूवरून टाका सहसा निसटत नाही.