तेर (प्राचीन तगर) : जागतिकीकरणाच्या अभ्यासातील स्थान

धाराशिव तालुक्यात तेरणा नदीकाठी वसलेले गाव. महाराष्ट्र त्याला संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखतो. विद्यापीठांतील इतिहास व पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते ‘तगर’ म्हणून परिचित आहे. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार तगर पैठणपासून पूर्वेस 10 दिवसांच्या वाटेवर होते. येथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांमधून बिकट वाटांनी भडोच बंदराकडे जाई. मराठवाड्यातल्या विणकराचे श्रम असे समुद्रापार पोहोचत.

देवाणघेवाण मालापुरती नव्हती. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेईच्या मूर्तीशी विलक्षण जुळते. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, त्यामुळे या संबंधांना काळाचा भक्कम आधार मिळतो. रोमन नाण्यांच्या धर्तीवरची मातीची पदकेही येथे मिळाली आहेत. जागतिकीकरणाचा आरंभ 1991 च्या आर्थिक धोरणापासून मोजणे किती अपुरे आहे, हे या वस्तू दाखवतात.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील पांढरीच्या टेकाडांवरून हे अवशेष चिकाटीने जमवले. आशियातील समाजांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने तेर येथील त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे.