वेदनेचे समग्र रूप

१९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथास लागला होता. त्याच्यापाशी सिसिली साँडर्स नित्य येऊन बसत. पाठदुखीपायी त्यांना परिचारिकेचे काम सोडावे लागले होते. दुखणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते! आपल्यामागे काहीच उरणार नाही, हे टास्माचे शल्य रोगाइतकेच खोल होते. साँडर्सबाईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतले. मरताना त्याने त्यांच्या संकल्पित आश्रमातील एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. पुढे बाई डॉक्टर झाल्या. देह, मन, आप्तसंबंध व श्रद्धा यांच्या व्यथा एकमेकींत गुंतलेल्या असतात, हा 'समग्र वेदने'चा विचार त्यांनी मांडला. १९६७ साली त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स उघडले. तेथे मॉर्फिन मात्र, कळ उफाळण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी दिले जाई. मनाचे निमित्त सांगून औषध नाकारणे बाईंना मान्य नव्हते.