नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल : दांपत्यांसाठी माहिती

तीर्थक्षेत्र म्हणून प्राचीन काळापासून परिचित असलेल्या नाशिकला गेल्या पाव शतकात वाइननिर्मितीचे केंद्र अशी दुसरी ओळख लाभली आहे. मुंबई, पुणे, सुरत आदी शहरांतून अनेक दांपत्ये दोन दिवसांच्या विश्रांतीसाठी येथे येतात. मात्र हंगाम आणि परतीचा प्रवास या दोन बाबींचा विचार आधी न केल्यास सहलीचा आनंद हरवतो, प्रसंगी जीवही धोक्यात येतो.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची लागवड पूर्वीपासून होत होती. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनसाठीच्या जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची वाइन बाजारात आली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांकनही मिळाले आहे. गंगापूर, दिंडोरी आणि इगतपुरी या परिसरांत आज अनेक वायनरी असून, काही ठिकाणी निवासाची व्यवस्थाही आहे.

केव्हा जावे

युरोपात द्राक्षांची काढणी साधारणतः सप्टेंबरच्या सुमारास होते. नाशिकमध्ये ती जानेवारी ते मार्च या काळात होते. येथील उष्ण हवेत वेल थंड प्रदेशाप्रमाणे हिवाळी विश्रांती घेत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावर फळछाटणी केली जाते. कोरडे दिवस आणि गार रात्री यांत घड पक्व होतात. मळा घडांनी भरलेला पाहायचा असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो. पण वेलींवर द्राक्षे नसतात.

वाइनची द्राक्षे खाण्याच्या ‘थॉमसन सीडलेस’पेक्षा लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट काही मिनिटांत वर्षभराचे पीक हिरावून नेते. म्हणून काढणीच्या दिवसांत मळ्यात विनापरवानगी शिरणे वा घड तोडणे कटाक्षाने टाळावे.

आस्वादाची रीत

वायनरीत प्रथम रस काढणे, आंबवणे आणि ओक लाकडाच्या पिंपांत मुरवणे या प्रक्रियांची माहिती दिली जाते. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून वेगळा करून आंबवतात. लाल वाइनला रंग व तुरटपणा सालीसह आंबवल्याने येतो. त्यानंतर पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड अशा क्रमाने थोडी थोडी वाइन चाखण्यास दिली जाते. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे असल्याने वयाचा पुरावा जवळ असावा. उपाशीपोटी आस्वाद घेऊ नये आणि मध्ये पाणी प्यावे.

गाडी कोणी चालवायची?

प्रत्येक प्रकार ३० मिलिलिटर धरला, तरी ५ प्रकारांची १५० मिलिलिटर वाइन होते. मद्यार्काचे प्रमाण १३ टक्के मानल्यास सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क शरीरात जातो. ‘नुसती चव घेतली’ हा समज म्हणूनच फसवा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबईच्या जुन्या मार्गावर कसारा घाटही आहे. दोघांपैकी एकाने वाइन पूर्णपणे वर्ज्य करावी, नाहीतर वायनरीतच मुक्काम करावा किंवा चालकासह वाहन ठरवावे.

रेल्वेचा पर्यायही सोयीचा आहे. मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेस आणि फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली शिर्डी वंदे भारत एक्स्प्रेस नाशिक रोड स्थानकावर थांबते. तेथून टॅक्सीने पुढे जाता येते. गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने तिकडे परतणाऱ्यांनी बाटली सोबत नेऊ नये.

एकालाच रुची असेल तर

दोघांनाही वाइनची आवड असतेच असे नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे. काढणीच्या हंगामातच तेथे स्थलांतरित पक्षी दिसतात. नाशिकजवळ पांडवलेणी, तर शहरात पंचवटी व रामकुंड आहेत. पहिल्या दिवशी सकाळी लेणी, दुपारनंतर एकच वायनरी व तेथेच मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पक्षी असा क्रम ठेवल्यास दोघांच्याही आवडीला न्याय मिळतो आणि परतीच्या वाटेवर चालक पूर्ण शुद्धीत असतो.