कर्णबधिर चित्रकर्त्यांचे लघुपट

कर्णबधिर व्यक्तींनी, तसेच कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांनी बनवलेल्या छोट्या चित्रपटांचा हा वर्ग आहे. त्यांतले संवाद बहुधा खुणांच्या भाषेत होतात. चित्रपटात कर्णबधिर पात्र असणे एवढ्याने तो या वर्गात येत नाही. कॅमेऱ्यामागे कोण आहे, हा निकष महत्त्वाचा. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला चटकन आठवणारी चित्रपटांची नावे या निकषावर बहुतेक बाहेरच राहतात.

१८८०च्या मिलान परिषदेत कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी उच्चारातून शिकवावे, असा ठराव झाला आणि अनेक देशांच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. भारतातली पहिली कर्णबधिरांची शाळा मुंबईत १८८५ साली निघाली, ती याच वातावरणात. खुणांची भाषा आता नाहीशी होईल, या भीतीने अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्गणी जमवून उत्तम खुणा करणाऱ्यांची चित्रणे करून ठेवली. त्यांपैकी जॉर्ज व्हेडिट्झ यांचे १९१३चे भाषण सर्वांत प्रसिद्ध असून २०१०मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाले. कर्णबधिरांनी स्वतःसाठी काढलेल्या चित्रपटांची सुरुवात ही अशी, करमणुकीतून नव्हे तर भाषा जपण्याच्या निकडीतून झाली. पुढे चार्ल्स क्राउएल यांनी १९२०च्या दशकापासून कर्णबधिर मंडळांच्या सहली आणि मेळावे हौसेने चित्रित केले. ती रिळे आज भाषेच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

व्हेडिट्झ कॅमेऱ्यासमोर उभे राहिले त्याच वर्षी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. मूकपटांच्या काळात संवाद पडद्यावरच्या पाट्यांतून वाचायचे असत, त्यामुळे ऐकू न येणारा साक्षर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने चित्रपट पाही. हॉलिवुडचा लॉन चेनी हा कर्णबधिर आईवडिलांचा मुलगा याच काळात मोठा नट झाला. मार्च १९३१मध्ये ‘आलम आरा’ आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. बोलपटाचे कौतुक करणाऱ्या इतिहासांत या बरोबरीचा शेवट क्वचितच नोंदला जातो.

या लघुपटांचे तंत्र भाषेतूनच ठरते. खुणा हात, चेहरा आणि धड मिळून होतात, म्हणून केवळ चेहऱ्याचा क्लोज-अप घेतला की वाक्यच कापले जाते. पात्रे कमरेपासून वर दिसतील इतक्या अंतरावर कॅमेरा ठेवावा लागतो. खुणा करणाऱ्याच्या मागून प्रखर उजेड आला तर हात काळे पडतात. बोलणाऱ्याच्या आवाजावर ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवण्याची नेहमीची युक्ती इथे चालत नाही, कारण हात दिसेनासे झाले की बोलणेही थांबते. त्यामुळे दोघांना एका चौकटीत ठेवणे किंवा खूण पुरी होईपर्यंत कात्री न लावणे, हे मार्ग उरतात. अमेरिकी दिग्दर्शक वेन बेट्स यांनी कर्णबधिर नजरेच्या चित्रभाषेची स्वतंत्र मांडणी केली आहे. उपशीर्षके या चित्रपटांत खुणा न समजणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः ऐकू येणाऱ्या प्रेक्षकासाठी असतात.

ब्रिटनमध्ये या प्रकाराला नियमित पैसा मिळाला. छोट्या दूरचित्रवाहिन्यांना आपले कार्यक्रम खुणांत भाषांतरित करण्याऐवजी खुणांतल्याच मूळ निर्मितीसाठी निधी देण्याची मुभा मिळाली आणि २००८मध्ये त्यासाठी न्यास स्थापन झाला. टेड इव्हान्स यांचा ‘द एंड’ (२०११) हा तिथला गाजलेला लघुपट. बहिरेपणावर उपचार निघतो आणि काही दशकांत कर्णबधिर समाजच संपत जातो, अशी त्याची कल्पना आहे. ऐकू येणाऱ्या लेखकाने हीच कथा बहुधा सुखान्त केली असती.

कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना जगभर ‘कोडा’ म्हणतात. हे मूल घरात खुणा आणि बाहेर बोली शिकते. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत तेच आईवडिलांचे दुभाषी होते. त्यांचे चित्रपट बरेचदा माहितीपटाच्या अंगाने जातात आणि त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे लांबीने मोठी आहेत. आयरीन टेलर ब्रॉडस्की यांच्या ‘हिअर अँड नाऊ’मध्ये (२००७) उतारवयात कानात रोपण करून घेणारे आईवडील आहेत, तर कोरियाच्या ली-किल बोरा यांच्या ‘ग्लिटरिंग हँड्स’मध्ये (२०१४) दिग्दर्शिकेचे स्वतःचे घर आहे.

भारतीय पडद्यावर असे कुटुंब आधी ऐकू येणाऱ्या दिग्दर्शकांनी आणले. गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये (१९७२) कर्णबधिर जोडपे बाळाला ऐकू येते की नाही या धास्तीने खुळखुळा वाजवून पाहते. संजय लीला भन्साळी यांचा ‘खामोशी’ (१९९६) गोव्यात घडतो. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी साकारलेल्या आईवडिलांची मुलगी गायिका होते. २०२२मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘कोडा’ याच नावाच्या चित्रपटातही मुलगी गातेच. आईवडिलांपर्यंत पोहोचू न शकणारी नेमकी तीच गोष्ट कथेच्या मध्यभागी ठेवण्याचा हा मोह लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र ‘कोडा’त आईवडिलांच्या भूमिका कर्णबधिर कलावंतांनी केल्या, तर ‘कोशिश’ आणि ‘खामोशी’त ऐकू येणाऱ्या नटांनी.

२०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख ७१ हजार व्यक्ती नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात कर्णबधिरांसाठीच्या कामाचे केंद्र मुंबई आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून काम करते. आलोक केजरीवाल या कर्णबधिर उद्योजकाने उभारलेली ‘इंडिया साइनिंग हँड्स’ भारतीय सांकेतिक भाषेत बातम्या व इतर व्हिडिओ काढते आणि २०२४च्या आयपीएलचे खुणांतले समालोचनही तिने केले. लहान गावांत अशी निर्मिती पोहोचण्याचा मार्ग मोबाइलच. व्हिडिओ कॉलमुळे खुणांत दूरवर बोलता येऊ लागले. तोच फोन चित्रीकरणाचे साधनही आहे.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६च्या कलम ४२मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांत खुणांचे भाषांतर आणि उपशीर्षके (क्लोज्ड कॅप्शन) देण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२३मध्ये ‘पठाण’ या चित्रपटाच्या निमित्ताने दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मात्यांना अशी उपशीर्षके तयार करण्यास सांगितले. त्यानंतर मार्च २०२४मध्ये याविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. ती चित्रपटगृहांत व्यावसायिक रीतीने दाखवल्या जाणाऱ्या कथापटांपुरती आहेत, त्यामुळे हे लघुपट त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.