कावळ्याचे घर आणि वाटेवरची देवळे : बालकथा व प्रवासवर्णन यांच्या पूर्वेतिहासाविषयी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांना मानाचे स्थान असते. बालसाहित्य आणि प्रवासवर्णन यांच्या वाट्याला मात्र बहुधा शेवटचा घटक येतो, तोही ‘इतर वाङ्मयप्रकार’ अशा मथळ्याखाली. एक प्रकार मुलांसाठी म्हणून बाजूला ठेवायचा आणि दुसरा माहितीपर म्हणून. त्यांच्या जन्मकथाही आपण एकाच साच्यात सांगतो : इंग्रज आले, छापखाना आला, शाळा निघाल्या म्हणून बालकथा आली; आगगाडी आणि आगबोट आली म्हणून प्रवासवर्णन आले. ही हकीकत खोटी नाही, पण ती मधूनच सुरू होते. तिचा आधीचा भाग विदर्भात घडला आणि तो उजेडात आणण्याच्या कामात नागपूरच्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. म्हणून तो भाग येथे थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटते.

आरंभ एका शब्दापासून करू. आमच्या शहरातील बाजारपेठेचे नाव इतवारी. पुण्याकडच्या वाचकाला हे नाव हिंदी वाटते, कारण त्याच्याकडे रविवार पेठ असते. परंतु ‘इतवार’ हा शब्द ज्या ‘आदित्यवार’पासून आला, त्याच शब्दापासून बोली मराठीतला ‘आइतवार’ किंवा ‘ऐतवार’ही आला आहे. म्हणजे परका वाटणारा शब्द प्रत्यक्षात घरच्याच शब्दाचा भाऊबंद निघतो. आपल्या वाङ्मयप्रकारांचेही पुष्कळदा असेच होते. आयात म्हणून ज्याची नोंद झाली, त्याचे एखादे भावंड घरात आधीपासून नांदत असते; फक्त त्याला आपण त्या नावाने हाक मारलेली नसते.

लीळाचरित्र हे मराठीतील आद्य गद्य चरित्र. म्हाइंभटांनी ते तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या सहवासात जे राहिले होते, त्यांच्याकडून आठवणी गोळा करायच्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायच्या आणि मग लिहायच्या अशी त्यांची रीत होती. या ग्रंथात ठिकठिकाणी गोष्टी येतात. त्यांतील एक प्रत्येक मराठी वाचकाला पाठ आहे, मात्र ती इथे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेणाचे घर बांधणारा कावळा आणि मेणाचे घर बांधणारी पक्षीण यांची ही गोष्ट. आज आपण त्या पक्षिणीला चिमणी म्हणतो. लीळाचरित्रात ती साळई आहे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो साळईच्या दाराशी येतो. हीच गोष्ट आजही मराठी घरांतून मुलांना सांगितली जाते. सातशेहून अधिक वर्षे ती तोंडातोंडी चालत आली. मधल्या काळात तिला ना छापखान्याची गरज पडली, ना शिक्षणखात्याची.

ही गोष्ट चक्रधरांच्या तोंडी असावी, यात नवल वाटण्याचे कारण नाही. गोष्टीतून समजावणे ही त्यांची पद्धतच होती. केसोबासांनी त्यांच्या निरूपणातील असे ११४ दृष्टान्त वेगळे काढून ‘दृष्टान्तपाठ’ तयार केला. त्याची रचना तिपेडी आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा मूळ विचाराशी जोडलेला सांधा. जन्मांध माणसे हत्तीला चाचपडतात आणि प्रत्येकाला वेगळाच हत्ती सापडतो, ही शालेय पुस्तकांतून आपल्याला भेटणारी कथा या संग्रहात आहे. सूत्र आणि दार्ष्टान्तिक काढून मधला भाग तेवढा वाचला, तर तो छोट्या, नेटक्या, बोलत्या गद्यकथांचा संग्रह वाटतो. वाक्ये आखूड आहेत, पात्रे गावातली आहेत आणि गोष्ट सांगून झाली की निवेदक थांबतो.

हे गद्य असे बोलते का राहिले, याचे उत्तर ‘स्मृतिस्थळा’तील एका प्रसंगात सापडते. केसोबास संस्कृतचे जाणकार होते आणि संस्कृतात ग्रंथरचना करण्याकडे त्यांचा कल होता. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. असे केल्यास आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असा त्यांचा आक्षेप होता. मराठीच्या अभिमानाची साक्ष म्हणून हा प्रसंग आपण वर्गात नेहमी सांगतो. पण त्यात वाचकाचाही विचार आहे, हे सहसा सांगत नाही. ग्रंथ कोणासाठी, या प्रश्नाला नागदेवाचार्यांनी दिलेले उत्तर पंडित किंवा राजा असे नव्हते, ते म्हातारी असे होते. घरातल्या मुलांना गोष्टी सांगणारीही तीच. मराठी गद्य जिच्या कानाला धरून घडले, तिलाच पुढे आपण ‘आजीच्या गोष्टी’ म्हणून साहित्याच्या दाराबाहेर बसवले.

आता प्रवासाकडे वळू. लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. त्यांतील एकांक म्हणजे चक्रधरांच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ. पुढच्या भागांतही मुक्काम सतत बदलत राहतो : पैठण, डोमेग्राम, वाटेवरची लहान गावे, गावाबाहेरची देवळे. लीळा म्हटली की तिला स्थळ असतेच. अमुक गोष्ट घडली ती कोणत्या देवळाच्या कोणत्या चौकात, हे सांगितल्याशिवाय आठवण पुरी होत नाही. चक्रधर गेल्यानंतर अनुयायांना ही ठिकाणे पुन्हा पाहायची, वंदायची होती. त्या गरजेतून ‘स्थानपोथी’ उभी राहिली. चौदाव्या शतकातील मुनिव्यास कोठी यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कुठे उघडते, आवार कसे, स्वामी बसले ती जागा नेमकी कोणती, असे तपशील तीत आहेत. वर्णनाचा सोस नाही, भावनांचा उमाळा नाही. तरीही हा ग्रंथ वाचताना तेराव्या-चौदाव्या शतकातील महाराष्ट्राचा रस्ता पायांखाली येतो. त्यांतली अनेक देवळे आज उभी नाहीत; त्यांची दारे कोणत्या दिशेला होती, एवढे मात्र शिल्लक आहे.

म्हणजे मराठीत प्रवासाची नोंद कुतूहलातून सुरू झाली नाही, ती विरहातून झाली. नवे काय पाहिले हे सांगण्यासाठी ती लिहिली गेली नाही. जिथे कोणीतरी होते आणि आता नाही, तिथे पुन्हा कसे पोहोचावे यासाठी लिहिली गेली. गोष्ट आणि वाट या दोन्ही गोष्टी इथे एकाच कामाला लागल्या आहेत, आणि ते काम म्हणजे आठवण टिकवणे.

मग हे सारे एवढा काळ वाङ्मयेतिहासाबाहेर कसे राहिले? लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे पाठभेद वाढले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. या पोथ्या मठांबरोबर पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत गेल्या, पण शेजारच्या गावातल्या पंथाबाहेरील माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि त्यानंतर संशोधकांना वाट मिळाली. यवतमाळला य. खु. देशपांडे, नागपूरला ह. ना. नेने अशा अभ्यासकांनी हे काम पुढे नेले. नेने यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९३०च्या दशकात नागपुरातून निघू लागली. पुढे वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांनी आयुष्याचा मोठा भाग या साहित्याला दिला. ‘स्थानपोथी’ त्यांनी संपादित केली आणि १९७८ साली त्यांचे लीळाचरित्राचे संपादन महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. त्यावर पंथीयांतून तीव्र आक्षेपही घेतले गेले. श्रद्धेचा ग्रंथ आणि अभ्यासाचा ग्रंथ एकाच बांधणीत असला की असे होते.

या पार्श्वभूमीवर एकोणिसावे शतक पाहिले म्हणजे त्यातील नवे काय आणि जुने काय, हे वेगळे करता येते. १८०६ साली तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी रूपांतर, ‘बालबोध मुक्तावली’, छापले गेले. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ ते १८१६ या काळात वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ ही पुस्तके बाहेर पडली. त्याच मालिकेत नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळही छापली गेली. म्हणजे मराठी मुद्रणाच्या पहिल्या घासातच गोष्टी आहेत, आणि आमच्या शहराचे राजघराणेही आहे. १८२८ साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तके आली. ‘बाळमित्र’ हे फ्रेंच लेखक बेर्कें यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचे इंग्रजीमार्गे झालेले रूपांतर होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ‘दृष्टान्तपाठ’ मुलांसाठी नव्हता, ‘बाळमित्र’ होता. मग पहिल्याला बालसाहित्याचा पूर्वज कसे म्हणायचे? मूल हा स्वतंत्र वाचक आहे, त्याच्यासाठी वेगळे पुस्तक हवे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाचीच, हे आम्हांस मान्य आहे. सर्व काही आपल्याकडे आधीच होते, असे म्हणण्याची आमची इच्छा नाही. परंतु वाचक नवा मिळाला म्हणून सांगणेही नवे होते असे नाही. किंबहुना शाळेसाठी लिहिताना सांगण्यातला एक गुण हरवला. रूपांतरित नीतिकथेला गाव नसते. तिच्यातला कोल्हा कोणत्याही रानातला असतो आणि तात्पर्य शेवटी खिळ्यासारखे ठोकलेले असते. दार्ष्टान्तिकही उपदेशच करते, हे खरे. पण ते समोर बसलेल्या कोणाच्या तरी शंकेला दिलेले उत्तर असते. वि. कों. ओक यांच्या ‘बालबोध’ (१८८१) मासिकाने आणि पुढे वा. गो. आपटे यांच्या ‘आनंद’ने (१९०६) मुलांच्या वाचनाला मोठे क्षेत्र दिले. तरी साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) घराघरांत पोहोचले, त्याचे एक कारण असे की, त्यात पुन्हा रात्र आहे, समोर बसलेले ऐकणारे आहेत आणि कोकणातले एक गाव आहे.

प्रवासवर्णनाच्या बाजूला हाच धागा गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये सापडतो. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, घरच्या कर्जाची चिंता घेऊन, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत १८८३-८४ च्या सुमारास लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ साली छापली ती हात फिरवून. मुळाबरहुकूम पाठ वाचकांना मिळाला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनामुळे. भटजी इतिहासकार नव्हते आणि प्रवासी म्हणवून घेण्याची त्यांची धडपडही नव्हती. त्यांच्या ग्रंथात मुक्काम, दक्षिणा, जेवणखाण, ऐकीव गोष्टी आणि झाशीतल्या कत्तलीचे अंगावर येणारे दृश्य हे सारे एकाच सुरात येते. तो सूर गोष्ट सांगणाऱ्याचा आहे. म्हाइंभटांच्या सांगणाऱ्यांचाही तोच होता.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ प्रसिद्ध झाला आणि १८८९ मध्ये अमेरिकेतील लोकस्थितीवरचे त्यांचे पुस्तक. येथे कुतूहल खऱ्या अर्थाने नवे आहे. पण रमाबाईही पाहतात ते मागे राहिलेल्यांसाठी. परक्या देशातील स्त्रियांच्या संस्था पाहताना त्यांची एक नजर सतत स्वदेशातील स्त्रीकडे वळलेली आहे. विसाव्या शतकात अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आणि पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) यांनी या प्रकाराला लालित्य दिले आणि लोकप्रियताही. परंतु आमच्या विवेचनाला अधिक जवळचे आहेत ते परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर. त्यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये (१९५७) नर्मदापरिक्रमा आहे, पण ते पुस्तक प्रवासवर्णन की कादंबरी, याचा निकाल लावणे कठीण जाते. आम्हांस तर ते न लावलेलेच बरे वाटते. गोष्ट आणि वाट वेगळी करता येत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे (२०२४) आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. लीळाचरित्राचे नाव त्यामुळे पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. पण नाव तोंडी असणे आणि ग्रंथ वाचनात असणे यांत अंतर आहे. प्राचीनतेचा दाखला म्हणूनच तो ग्रंथ उरला, तर सांकेतिक लिपी उकलूनही त्याचा दरवाजा बंदच राहील. आमची सूचना साधी आहे. बालसाहित्याचा घटक शिकवताना पहिल्या तासाला ‘बाळमित्र’ न घेता साळई आणि कावळ्याची लीळा घ्यावी. प्रवासवर्णनाच्या पहिल्या तासाला ‘स्थानपोथी’तले एक पान वाचावे आणि त्यानंतर गोडसे भटजींकडे जावे. जुन्या मराठीला विद्यार्थी बिचकतो, ही शिक्षकांची नेहमीची तक्रार असते. त्याने लहानपणी ऐकलेली गोष्टच त्या जुन्या भाषेत समोर आली, तर अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो, फक्त शब्द ओळखायचे उरतात. इतवारी म्हणजेच आइतवार हे कळायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार अधिक वेळ त्यालाही लागू नये.